हजेरीपटावरचं नाव

संक्रांतीच्या कार्यक्रमानंतर खुर्च्या आवरत होतो. वाणसामानाच्या दुकानात गल्ल्यावर अर्धवेळ काम करणारी आपल्यातलीच एक ताई मदतीला आली. दोन मुलं, नवरा सोबत नाही. बोलता बोलता करविवरणाचा विषय निघाला, तर म्हणाली, "काका, तो परताव्याचा फॉर्म मी भरतच नाही. सरकारचं फुकटचं कशाला?"

तिची कमाई वर्षाला 20,000 डॉलरच्या आसपास. दोन मुलांसाठी 2025 च्या उत्पन्नावर केंद्राची कमाई-सवलत, म्हणजे इथे ज्याला 'अर्न्ड इन्कम क्रेडिट' म्हणतात ती, जास्तीत जास्त 7,152 डॉलर आहे. आपलं न्यू जर्सी राज्य त्या रकमेच्या 40 टक्के आणखी देतं. कर शून्य निघाला तरी ही रक्कम हातात मिळते. थोडक्यात, सुमारे दहा हजार डॉलर ती संकोचापोटी सोडून देत होती. देशभरात पात्र असलेल्या दर पाच जणांमागे एक जण ही सवलत मागतच नाही, असं कर खातं स्वतः सांगतं.

तिच्या त्या 'फुकटचं' या शब्दावर मला माझी आई आठवली.

आमचं गाव औंध, खटाव तालुक्यातलं. 1972 च्या दुष्काळात मी सहा वर्षांचा होतो. यमाईच्या डोंगराखालची विहीर आटली आणि आई पाझर तलावाच्या कामावर जायला लागली. पाटी, फावडं, मुकादमाची शिट्टी, दुपारी सुकडी. घरी भाकरी तांबड्या मिलोची. ती ज्वारी अमेरिकेतून आलेली, हे मला इथे आल्यावर कळलं. पण घरात कुणी त्या कामाला भीक म्हटलं नाही. मस्टरवर नाव होतं, आठवड्याला पगार होता.

काम देऊन मदत करण्याची ही कल्पना आमच्याच मुलखात रुजली. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूरला वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तिचा प्रयोग करून पाहिला. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. 'मागेल त्याला काम' पुढे राज्याची रोजगार हमी योजना झाली, 1977 मध्ये कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत मिळालं नाही तर बेकारभत्ता. उत्पन्नाचा दाखला नको. उन्हात खडी फोडायला येतो तो गरजू, एवढीच कसोटी. खोटी मस्टरं निघाली, मजुरी रखडली, तेही सगळं झालं. तरी केंद्राने 2005 मध्ये देशाचा कायदा केला तेव्हा पुढे नमुना महाराष्ट्राचाच होता.

आणि पैसा कुठून आला? पुण्या-मुंबईत नोकरी केलेल्यांनी आपलं जुनं पगारपत्रक आठवावं. व्यवसाय कर: दरमहा 200 रुपये, फेब्रुवारीत 300, कारण 2,500 ची बेरीज जुळवायची असते. तो कर 1975 मध्ये रोजगार हमीसाठीच लागला. पंख्याखाली बसणाऱ्याने उन्हात राबणाऱ्याच्या मजुरीला हातभार लावायचा. गंमत म्हणजे अमेरिकेत ही कमाई-सवलत आली तीही 1975 मध्येच, तेव्हा 400 डॉलरपर्यंत. दोन्हीकडे अट एकच, की माणूस कामाला गेला पाहिजे. मग आईच्या मस्टरला पगार म्हणायचं आणि ताईच्या फॉर्मला फुकटचं, हा हिशेब मला पटत नाही.

फरक आहे तो कसोटीत. आईला कुणी कागद विचारला नाही. इथे सगळं कागदावरच चालतं. मूल अर्ध्याहून अधिक वर्ष तुमच्याच घरी राहिलं का? सोशल सिक्युरिटी क्रमांक कामाच्या परवानगीचा आहे का? नवरा-बायको एकत्र विवरण भरत असतील आणि एकाकडे सोशल सिक्युरिटीऐवजी नुसता करदाता क्रमांक असेल, तर दुसऱ्याने कितीही राबलं तरी केंद्राची ही सवलत दोघांनाही नाही. मला हा नियम अन्यायाचा वाटतो. राज्याचं मन जरा मोठं आहे: सहा वर्षांखालच्या मुलामागे 1,000 डॉलरपर्यंतची न्यू जर्सीची वेगळी सवलत करदाता क्रमांकावरही मागता येते, उत्पन्न 80,000 च्या आत असलं की झालं.

आपल्या मंडळात असं कोण असणार, असं कुणाला वाटेल. गणपतीच्या वर्गणीचे आकडे पाहून मलाही वाटायचं. पण पेट्रोल पंपावर रात्रपाळी करणारे, डे-केअरमध्ये मुलं सांभाळणाऱ्या, घरून डबे देणाऱ्या आपल्यात आहेत. डब्यांची कमाईसुद्धा कमाईच. ती दाखवली तरच सवलत मिळते. शिवाय मागच्या तीन वर्षांची राहिलेली विवरणंही अजून भरता येतात.

एक कानगोष्ट. परतावा लवकर काढून देतो म्हणत त्यातलाच टक्का कापून घेणारे फेब्रुवारीत जागोजाग बसतात. अल्प उत्पन्नवाल्यांसाठी कर खात्याच्या स्वयंसेवकांची केंद्रं विवरण मोफत भरून देतात, तिथे जावं.

15 एप्रिलपर्यंत दर शनिवारी सकाळी मराठी शाळेच्या मागच्या खोलीत आपले दोन निवृत्त हिशेबनीस आणि मी बसणार आहोत. फॉर्म आम्ही भरणार नाही. कागद लावून देऊ आणि जवळच्या केंद्राची वेळ ठरवून देऊ. पगाराचे कागद, मुलांचे क्रमांक, गेल्या वर्षीचं विवरण एवढं आणा. दार लावून बोलता येईल. ताई पहिल्या शनिवारी येते म्हणाली आहे, डब्यात गुळपोळी घेऊन.