लाल रेघेवर हरकत नोंदवा



वर्षावासातील कार्यक्रमाची पत्रिका आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत संगणकावर तयार होत होती. दहावीतील एक मुलगी टाइप करीत होती. छापून आलेला पहिला कागद आम्ही हातात घेतला, तर 'धम्मप्रवचन' याऐवजी 'धर्मप्रवचन' छापलेले! विचारले तेव्हा ती म्हणाली, "काका, धम्म लिहिलं की खाली लाल रेघ येते. मला वाटलं, आपलंच चुकतंय."

आम्ही क्षणभर गप्प झालो. पोरगी हुशार आहे. हा शब्द तिने आजीच्या तोंडून लहानपणापासून ऐकला आहे. तरी यंत्राने रेघ ओढताच तिने आपलाच शब्द खोडला.

ही रेघ येते कुठून? यंत्राला भाषा कळत नाही. त्याच्याजवळ शब्दांची एक यादी असते. यादीत शब्द सापडला नाही की खाली रेघ येते. म्हणजे शब्द चुकीचा आहे असे नव्हे, यादीत त्याचे नाव नाही एवढेच. मतदार यादीत नाव नसले म्हणून माणूस वस्तीत राहत नाही असे आपण म्हणतो का? आपण नमुना ६ भरतो आणि नाव नोंदवून घेतो. शब्दांचेही तसेच करता येते.

अभ्यासिकेतील प्रणाली 'मुक्त' प्रकारची आहे. मुक्त म्हणजे केवळ फुकट नव्हे. ती कशी बनली हे कोणालाही पाहता येते, तिच्यात बदल करता येतो आणि बदललेली प्रत दुसऱ्याला देता येते. २०१० साली सुरू झालेले लिब्रेऑफिस आणि इंटरनेटसाठीचे फायरफॉक्स ही याच जातकुळीतली. दोन्हींत शब्द तपासण्याचे काम 'हन्स्पेल' नावाची मुक्त प्रणाली करते. हंगेरीच्या लास्लो नेमेथ यांनी ती आपल्या मातृभाषेसाठी बनवली. त्या भाषेतही आपल्यासारखेच शब्दांना प्रत्यय लागतात. हन्स्पेलमध्ये दोन फाइली असतात, एक शब्दांची आणि दुसरी प्रत्ययांच्या नियमांची.

आता कोणी म्हणेल, आम्हाला प्रोग्राम लिहिता येत नाही, आमचे कोण ऐकणार? बी.कॉम. झालेल्या या कारकुनालाही प्रोग्रामची एक ओळ लिहिता येत नाही. पण निवेदन लिहिता येते! प्रोग्राम लिहिणाऱ्याला यंत्र कळते. परित्राणपाठ, धम्मदीक्षा हे शब्द आपल्या घरात रोज कसे वापरले जातात ते आपल्यालाच ठाऊक. ती माहिती त्याला मिळाली नाही, तर तो यादी दुरुस्त करणार कशी?

निवेदनाची रीत कचेरीतल्यासारखीच आहे. आधी प्रणालीची नवी आवृत्ती घेऊन पाहावे. चूक कदाचित दुरुस्त झालेली असेल. तीच सूचना आधी कोणी केली आहे का, तेही शोधावे. एका अर्जात एकच विषय असावा. आपण काय केले, काय व्हायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय झाले, हे क्रमाने लिहावे. प्रणालीचा आवृत्ती क्रमांक द्यावा. 'तुमचे मराठी भिकार आहे' असे लिहून काही होत नाही. 'धम्म हा शब्द चूक दाखवला जातो. धम्माचा, धम्माला, धम्मात ही त्याची रूपे. अमुक छापील ग्रंथात तो आढळतो' असे लिहिले की काम होण्याजोगे होते. शब्दयादी सांभाळणाऱ्याचा पत्ता बहुधा यादीसोबतच्या माहितीपत्रात असतो. इंग्रजी साधे, मोडकेतोडके चालते. कॉलेजात जाणारा मुलगा-मुलगी हाताशी असेलच.

एक सावधगिरी मात्र हवी. असे अर्ज बहुधा सर्वांना दिसतात. म्हणून जातीचा दाखला, आधार क्रमांक किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज ज्यात आहे, अशी फाइल किंवा पडद्याचे चित्र कधीही जोडू नये.

हे काम करणारे पुष्कळ जण स्वयंसेवक असतात. उत्तराला महिने लागतात, कधी नकारही येतो. नकार आल्यास कारण विचारावे, रागावू नये. पाठपुरावा म्हणजे काय हे नगरच्या माणसाला शिकवायला नको!

त्या मुलीने आजीजवळ बसून वहीत शब्द उतरवले, प्रत्येकाची रूपे लिहिली आणि निवेदन पाठवले. अजून शब्द यादीत गेलेले नाहीत. पत्रिका मात्र तिने स्वतः दुरुस्त करून पुन्हा छापली.

रेघेवर उजवी कळ दाबून शब्द आपल्या शब्दकोशात घालण्याची सोय असते. ती जरूर वापरा. पण त्याने रेघ फक्त आपल्या यंत्रावरची जाते. शेवगाव-पाथर्डीच्या एखाद्या शाळेत दुसरी मुलगी तोच शब्द खोडीत असेल. तिच्यासाठी निवेदन पाठवावे लागते. आपल्या घरातील शब्दांची वही या रविवारीच सुरू करा.