छत्तीस इंची पुरावा

यवतमाळ शहराला जवळजवळ लागूनच असलेल्या लोहाऱ्यासारख्या गावी लग्नसराई तोंडावर आली, की छायाचित्रणावर उपजीविका करणाऱ्या मंडळींत जो वाद रंगतो, त्याचा विषय अलीकडे मुहूर्त किंवा मोबदला नसून मिररलेस कॅमेऱ्याची बॉडी हा असतो. आणि २०२२ चा सोनी ए-सेव्हन-आर फाइव्ह ६१ मेगापिक्सेलचा व २०२३ चा निकॉन झेड-एट ४५.७ मेगापिक्सेलचा, तस्मात् पहिला श्रेष्ठ, असा निकाल कोणताही दस्तऐवज न तपासता बिनदिक्कत दिला जातो.

हा निकाल मला मंजूर नाही. मेगापिक्सेल हा क्षेत्रफळाचा हिशेब आहे. रुंदी मोजली तर ९५०४ बिंदूंविरुद्ध ८२५६, म्हणजे अवघी पंधरा टक्क्यांची तफावत. यजमानाच्या घरी जाणाऱ्या करिझ्मा अल्बमचे बारा बाय छत्तीसचे पान उलगडले, तर एकाचे इंचाला २६४ बिंदू पडतात आणि दुसऱ्याचे २२९. दीड फुटावरून पाहणाऱ्या निकोप दृष्टीला मात्र सुमारे १९० च्या पलीकडचा भेद उमगत नाही. वरमाय अधिक जवळून पाहील हे कबूल. परंतु ती पाहते तो आपल्या साडीचा रंग.

दुसरा दोष तुलनेच्या रीतीतच आहे. संगणकावर दोन्ही चित्रे ‘शंभर टक्के’ करून शेजारी मांडली, की ६१ मेगापिक्सेलचे चित्र आपोआप अधिक विस्तारते, त्याबरोबर लेन्सचे वैगुण्य, हाताचा कंप आणि नॉइजही विस्तारतात, आणि मग तोच कॅमेरा सदोष ठरतो. एकाच मापावर आणताच ही तक्रार बहुतांशी खारीज होते.

खरा भेद अन्यत्र आहे. झेड-एटचा सेन्सर इतक्या त्वरेने वाचला जातो, की त्यात यांत्रिक शटरच ठेवलेले नाही. उलट सावकाश वाचल्या जाणाऱ्या सेन्सरमुळे सोनीचे निःशब्द, इलेक्ट्रॉनिक शटर मंडपातील एलईडी दिव्यांखाली वापरले, तर चित्रावर आडवे पट्टे उमटण्याची धास्ती पुष्कळ अधिक, म्हणून तिथे यांत्रिक शटरच बरे. निकॉनचा मूळ आयएसओ ६४, सोनीचा १००. तिपाईवर, स्थिर प्रकाशात, निकॉनच्या या कमी आयएसओचा लाभ सावल्यांत दिसतो, धावपळीच्या वरातीत नाही.

आणि मे महिन्यात टिपेश्वर अभयारण्यातल्या पाणवठ्यावर दूरच्या वाघावर लांब लेन्स रोखणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे, की भर दुपारी तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवेची थरथर दोन्ही सेन्सरांचे सूक्ष्म तपशील सारख्याच निष्ठुरतेने पुसून टाकते. पहाटेची सफारी तिथे पंधरा मेगापिक्सेलांहून मोलाची.

ज्यांना नवी बॉडी घेणे भागच आहे, त्यांनी विक्रेत्याकडून सारख्या तोडीच्या लेन्सने टिपलेली, एकाच प्रकाशातील दोन चित्रे छत्तीस इंची पानावर छापून मागावीत, आणि कोणते पान कोणत्या कॅमेऱ्याचे, ते मागल्या बाजूला लिहून ठेवण्याची अट घालावी.