जाऊ नये, जावं लागतं

मंडळाच्या गणपतीला जेवणाची रांग लागली होती. वाढणाऱ्या एका काकूंनी माझ्या लेकीच्या ताटात न विचारता आणखी एक मोदक ठेवला आणि म्हणाल्या, "संपवायला पाहिजे हं." लेक अकरा वर्षांची. तिनं मुकाट्यानं मोदक संपवला. गाडीत बसल्यावर मात्र म्हणाली, "आई, मराठीत सगळे सारखी ऑर्डरच का देतात? आमच्या टीचर असं बोलत नाहीत."

मला राग आला आणि तो कुणावर काढावा तेही कळेना. काकूंनी प्रेमानंच वाढलं होतं. पण लेकीचंही खोटं नव्हतं. तिला मराठी जशी ऐकू येते तशी तिनं सांगितली.

दोन दिवसांनी तिची रविवारच्या मराठी शाळेची वही उघडली. एका पानावर तक्ता होता. शुड म्हणजे पाहिजे, मस्ट म्हणजे पाहिजेच, हॅव टू म्हणजे लागते. खाली दहा वाक्यं, दहाही 'तू'नं सुरू होणारी. तू अभ्यास केला पाहिजे. तू दूध प्यायले पाहिजे. तू लवकर उठले पाहिजे. व्याकरणात बोट ठेवायला जागा नाही. पण ओतूरच्या आमच्या घरात मी अठरा वर्षं काढली, आणि आईच्या तोंडून यातलं एक वाक्य या रूपात ऐकल्याचं मला आठवत नाही. आई म्हणायची, "दूध पिऊन घ्यावं गार व्हायच्या आत." सकाळी म्हणायची, "उजाडल्यावर लोळायचं नसतं." अभ्यासाचं तर ती नावच काढत नसे. "दिवे लागलेत" एवढंच म्हणायची, की आम्ही दप्तरं उघडायचो.

हा तक्ता मी ओळखते. आमच्या वेळी जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून असे. गुरुजींनी फळ्यावर हाच तक्ता लिहून दिला होता आणि आम्ही तो घोकला होता. तेव्हा तो कामाचा होता, कारण 'पाहिजे'च्या सगळ्या छटा आम्ही घरून घेऊनच गेलो होतो, इंग्रजी तेवढी परकी होती. आता तोच तक्ता उलटा करून आपण मुलांना मराठी शिकवतो आहोत. मुलांकडे इंग्रजीच्या छटा आहेत. वर्गात बाई "यू माइट वॉन्ट टु पुट दॅट अवे" म्हणाल्या, की तो हुकूम आहे हे त्यांना बरोबर कळतं. मराठीकडून मात्र त्यांच्या हाती एकच शब्द पडतो, आणि तो टोचतो.

मागच्या डिसेंबरात ओतूरला गेलो होतो. जुन्नर तालुक्यात उसाच्या कडेनं चालायचं म्हणजे बिबट्याचा विचार आलाच. माणिकडोहला वनखात्याचं बिबट्या निवारा केंद्र आहे, आणि रस्त्यांच्या कडेला सूचनांचे फलक. लेकीनं एका फलकापुढे थांबून अक्षर अक्षर लावत वाचलं. अंधार पडल्यावर एकट्याने फिरू नये. लहान मुलांना एकटे सोडू नये. वाचून झाल्यावर तिनं विचारलं, "कुणी? यात 'तू' कुठंय?"

मी रस्त्यातच थांबले. यात 'तू' नाही हेच तर यातलं मोठं आहे. 'फिरू नकोस' म्हटलं, की एक सांगणारा आणि एक ऐकणारा असे दोघं समोरासमोर उभे राहतात, एक वर, एक खाली. 'फिरू नये'मध्ये सांगणाराही फलकाच्या अलीकडेच उभा असतो. ते सरपंचालाही लागू, पाहुण्यालाही, फलक रंगवणाऱ्यालाही. माझी आई संध्याकाळी अंगणात उभी राहून "आता उसाकडं जाऊ नये" म्हणते, तेव्हा ती कुणाचंच नाव घेत नाही. तिथं ती स्वतःही आलीच.

त्याच रात्री जेवताना लेकीचा मामा उठला, बॅटरी घेतली, मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावली आणि निघाला. शेतीच्या मोटारींना त्या आठवड्यात रात्रीची लाईट होती, म्हणजे पाणीही रात्रीच द्यायचं. लेक घाबरून म्हणाली, "पण आजी म्हणाली ना, जाऊ नये?" मामा दारातूनच म्हणाला, "जाऊ नये खरं, पण दारं धरायला जावं लागतंय, बाळा." गाण्यांचा आवाज वाफ्यांच्या दिशेनं लांब जाईपर्यंत ती दारात उभी होती. नंतर मला म्हणाली, "म्हणजे मामाला जायचं नव्हतं?"

हे तिला कुठल्याही तक्त्यानं शिकवलं नसतं. 'मी जावं' यात काम माझं, निवड माझी. 'मला जावं लागतं' यात 'मी'चं 'मला' होतं आणि ओझं बाहेरून येऊन माझ्यावर पडतं. कधी ते ओझं लाईटच्या वेळापत्रकाचं असतं, कधी त्याहून मोठं. माझं सासर आंबेगाव तालुक्यातलं. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडलं ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. आज तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. त्या भागातली म्हातारी माणसं "आम्ही गाव सोडलं" असं म्हणत नाहीत. सासूबाईही कधी म्हणाल्या नाहीत. त्या म्हणतात, "गाव सोडावं लागलं." त्या एका 'लागलं'मध्ये कुणाची मर्जी चालली आणि कुणाची नाही, ते सगळं येतं. आपली मुलं "हॅव टू म्हणजे लागते" एवढंच पाठ करून आजीपुढे बसली, तर तिची अर्धी गोष्ट त्यांना ऐकूच येणार नाही.

सासूबाईंची आणखी एक तऱ्हा आहे. ओतूरला 'करावं', 'घ्यावं' जास्त. सासूबाईंच्या बोलण्यात 'करायचं असतं', 'करायचं नसतं'. उंबऱ्यावर बसायचं नसतं. पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नसतं. लग्न झाल्यावर पहिलं वर्षभर मला ते जाचायचं, कारण त्याच्याशी वाद घालता येत नाही. समोर सासू नसते, रीत असते. आज त्यातली प्रत्येक रीत मला पटते असं नाही. पण ही रीत आहे, माझा हट्ट नाही, हे सांगणारं रूप आपल्या भाषेत आहे, ही सोय मोठी आहे. लेकीला मी "यू मस्ट" म्हटलं, की भांडण तिचं आणि माझं होतं.

शाळेत आपण अर्थ शिकलो: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. आज्ञार्थ आणि विध्यर्थ अशी दोन वेगळी घरं आपल्या व्याकरणानं ठेवली, आणि विध्यर्थाच्या घरात कर्तव्य, योग्यता, शक्यता, इच्छा सगळ्यांना जागा दिली. रामदासांनी मनाचे २०५ श्लोक लिहिले ते उपदेशाचे, पण हाक मारली ती स्वतःच्या मनाला. ऐकणाऱ्याला अंग चोरावं लागत नाही. विध्यर्थ नेहमी मऊच असतो असं मात्र कुणी समजू नये. सरकारी कागदावर 'कार्यवाही करण्यात यावी' येतं तेव्हा तो पक्का हुकूम असतो. 'पाहिजे' तरी कुठे मुळातून कडक आहे? ते 'पाहणे'चंच जुनं कर्मणी रूप. दोष त्या शब्दाचा नाही, सगळीकडे तोच एक वापरण्याचा आहे. त्यातून "मला पाहिजे तू ये" असली वाक्यं जन्मतात. आमच्या घरात रोज एक तरी ऐकू येतं.

म्हणून मराठी शाळेतल्या शिक्षकांना आणि आपल्या सगळ्या आईबाबांना माझं कळकळीचं सांगणं आहे की तो तक्ता काढून टाका. इंग्रजी शब्दापुढे मराठी शब्द लिहू नका. त्याऐवजी प्रसंग सांगा. उसाकडं अंधारात का जाऊ नये, मामाला का जावं लागतं, पाहुणा निघाला की "जेवून जावं" का म्हणायचं असतं. घरी बोलताना दिवसातून निदान एकदा 'पाहिजे' गिळा आणि आपली आई काय म्हणाली असती ते आठवा. फोन करून विचारा. आपल्या आयांपाशी हे सगळं अजून आहे, आणि त्या कायम असणार नाहीत.

एवढं लिहून झाल्यावर वाटलं, हा लेखही 'करा, करू नका'नंच भरला. रविवारची सकाळ मोडून, पदरचे पैसे घालून जे आपल्या मुलांना शिकवतात, त्यांना दुखवायचा हेतू नाही. दोन वर्षांपूर्वी मलाही शिकवायला बोलावलं होतं आणि मी वेळ नाही म्हणाले होते. ते माझं चुकलं. कुणाला बोचलं असेल तर मनापासून माफी मागते. या जानेवारीपासून मधल्या गटाचा वर्ग मी घ्यायला तयार आहे, असं शाळेला कळवलंही आहे.

परवा शनिवारी लेक आजीशी फोनवर बोलत होती. गावात आदल्या रात्री कुणाचं तरी वासरू गेलं होतं. लेक बराच वेळ ऐकत राहिली आणि मग शब्द जुळवत म्हणाली, "आजी, अंधारात गोठ्याकडं एकटीनं जाऊ नये हं."

पलीकडे क्षणभर काही आवाज आला नाही. मग आई म्हणाली, "नाही जाणार, बाळा. पण धारा तर काढाव्या लागतात ना. मामाला संगं नेईन."

"नेशील ना?" लेक म्हणाली.