घरसंसार : मांजराला मारण्याआधी



मागच्या पंधरवड्यात एका भगिनीचे पत्र आले. चाळीचा पुनर्विकास झाला आणि त्यांचे कुटुंब सतराव्या मजल्यावर राहायला गेले. सोबत चाळीतले मांजरही गेले. चाळीत असताना ते जिन्याखालच्या मातीत जाऊन यायचे, कुणाला पत्ताही लागत नसे. सतराव्या मजल्यावर माती कुठून आणायची? मुलाने दुकानातून प्लास्टिकची झाकणाची पेटी आणि पिशवीभर ‘लिटर’ आणले. दोन आठवडे मांजर पेटीत गेले. मग कधी गादीवर, कधी धुवायच्या कपड्यांच्या ढिगावर, कधी थेट नव्या सोफ्यावर. भगिनी लिहितात, ‘जन्मात पहिल्यांदा घरात स्वतःचे संडास-बाथरूम मिळाले आणि पाहुण्यांना दारातच मुताचा वास येतो. सासूबाई म्हणतात, पोत्यात घालून मासळी बाजारात सोडून या. मुलगी रडून जेवत नाही. काय करावे?’

पत्राखाली फोन नंबर होता. मजकूर छापून येईपर्यंत थांबणे आम्हाला बरे वाटले नाही. त्याच संध्याकाळी फोन लावला आणि पहिला प्रश्न विचारला : मांजर आहे की बोका? आणि लघवी नीट होते ना? भगिनी जरा बुचकळ्यात पडल्या. हा प्रश्न आम्ही का विचारला ते आधी सांगतो.

आमच्याकडे मन्या नावाचा बोका होता. बाल्कनीत एका जुन्या घमेल्यात रेती ठेवली होती, त्यात तो शहाण्यासारखा जायचा. एका आठवड्यात त्याने एकाएकी बाथरूमपुढच्या पायपुसण्यावर मुतायला सुरुवात केली. थोडेथोडेच, चार-सहा थेंब. मग मोरीत, मग आमच्या चपलांपाशी. आम्ही वर्तमानपत्राची गुंडाळी करून दोन-तीन फटके दिले. त्याचे नाक धरून त्या ओल्या पायपुसण्याला घासले, कारण असेच करायचे असते असे कुणीतरी सांगितले होते. आणि एका रात्री त्याला बाल्कनीत कोंडून ठेवले.

आमची आई महापालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेली. सकाळी तिने बाल्कनीचे दार उघडले, घमेल्यात हात घालून रेती चाळून पाहिली आणि आम्हाला हाक मारली. “अरे, रात्रभर कोंडला आणि रेती कोरडी ठणठणीत हाय. ह्यो माज न्हाई. त्याला मुतायलाच हुत न्हाई.” मन्या घमेल्यात बसून कुंथत होता, ओरडत होता, पडत काहीच नव्हते. आम्ही त्याला पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात पळालो. डॉक्टरांनी पोटाला हात लावला; मूत्राशय चेंडूसारखा टणक झाला होता. नळी घालून लघवी काढली, तीन दिवस सलाईन लावले. आणखी एक दिवस उशीर झाला असता तर हा हाताला लागला नसता, असे ते म्हणाले. मन्या पुढे चार वर्षे जगला. पण वर्तमानपत्राचे ते फटके अजून आमच्या मनातून जात नाहीत. तो जीव चार दिवस आपले दुखणे आम्हाला दाखवत होता आणि आम्ही त्याला घाण केली म्हणून मारत होतो.

म्हणून सगळ्यात आधी हे लक्षात ठेवा. बोक्याची मूत्रनलिका अतिशय अरुंद असते. बारीक खडे किंवा चिकट पदार्थाची गुठळी अडकली की लघवी पूर्ण बंद होते, मूत्रपिंडे काम थांबवतात, रक्तात विषारी द्रव्ये साठतात आणि दोन-तीन दिवसांत जनावर मरू शकते. पुन्हापुन्हा पेटीत जाणे, कुंथणे, ओरडणे, थेंब-थेंब पडणे, लघवीची जागा सारखी चाटणे, उलटी होणे ही त्याची लक्षणे. बोक्यात असे दिसले तर सकाळची वाट पाहू नका. मादीची नलिका रुंद असते, तिची वाट सहसा अशी पूर्ण बंद होत नाही; पण मूत्राशयाला सूज येऊन जळजळ तिलाही होते, आणि लघवीत रक्त दिसले तर तिलाही दाखवावे लागते. पेटीत बसले की दुखते, हे मांजराच्या मनात बसते. मग ते दुसरी जागा शोधते, आणि मऊ म्हणून गादी नाहीतर कपड्यांचा ढीग त्याला बरा वाटतो.

एक गोष्ट कृपा करून करू नका. दुखत असेल म्हणून घरातली तापाची गोळी मांजराला देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. मुंबईकरांसाठी परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, ज्याला जुनी माणसे ‘बैलघोडा’ म्हणतात. १८८६ साली सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालयही परळचेच. नागपूरला असे महाविद्यालय १९५८ पासून आहे. गावाकडे सरकारी जनावरांचा दवाखाना विचारावा.

आता पत्रातले मांजर. ती मादी निघाली. लघवी भरपूर, रंग साफ, खाणेपिणे नीट. तरीही तपासून घ्या म्हटले, त्यांनी घेतले, आजार नव्हता. मग पेटीची चौकशी केली. पेटी कुठे ठेवली आहे? वॉशिंग मशीनला लागून. किती वेळा साफ होते? “दोन-तीन दिवसांनी.” आणि कशाने धुता? “फिनाइलने. आणि लिटर गुलाबाच्या वासाचे आणलेय, घरात वास नको म्हणून.”

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांनी चाळीतले दिवस पाहिले आहेत. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्याआधी १६० चौरस फुटांची खोली आणि मजल्यावर सर्वांत मिळून संडास. पहाटे डबा घेऊन रांगेत उभे राहणे, आणि दार उघडल्यावर आतली अवस्था पाहून तसेच परत फिरणे. घरातल्या बायकांनी तर घाणीपायी किती तास कळ सोसली असेल! तुंबलेल्या संडासात माणूस जात नाही. मग मांजराने का जावे? त्याचे नाक तर आपल्यापेक्षा कितीतरी पटींनी तीक्ष्ण. झाकणाच्या पेटीत वास आतच कोंडतो, वर गुलाबाचा उग्र दर्प, शेजारी मशीन अचानक घरघरू लागते. त्यात बसलेल्या मांजराला पळायला दुसरी वाटही नाही.

पेटी पुरेशी मोठी हवी, मांजर नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत जेवढे लांब त्याच्या दीडपट. महाग पेटी घ्यायलाच हवी असे नाही. कपडे भिजवायचा रुंद टब किंवा गवंड्याकडचे मोठे घमेले चालते. झाकण नको. मांजर म्हातारे असेल, गुडघे दुखत असतील, तर टबाची एक बाजू कापून उंबरठा कमी करावा. आत तीन बोटे थर पुरे. बारीक दाण्याची, बिनवासाची माती मांजराला आवडते. चाळीतल्या मांजराला तर रेतीच ओळखीची, म्हणून सुरुवातीला चाळलेली कोरडी रेती घालावी आणि हळूहळू त्यात दुकानातली माती मिसळावी. एकदम बदल करू नये. पेटी जेवणाच्या ताटलीजवळ ठेवू नये. आपण तरी संडासात जेवतो का? शांत कोपरा, पण दोन बाजूंनी बाहेर पडता येईल असा. दोन मांजरे असतील तर तीन पेट्या, म्हणजे मांजरांपेक्षा एक जास्त. लहान घरात हे जमत नाही हे आम्हाला कळते. मग निदान दोन तरी वेगवेगळ्या जागी ठेवाव्यात, कारण दोघांतले दांडगे मांजर दुसऱ्याची वाट अडवून बसते.

गोळे रोज झाऱ्याने काढावेत, शक्य तर दोनदा. आठवड्याला सगळी माती टाकून पेटी साध्या साबणाने धुवावी, उन्हात वाळवावी.

फिनाइल मात्र घरातून काढाच. आपल्याकडे स्वच्छता म्हणजे फिनाइल असे समीकरण आहे, पण फिनॉल जातीची द्रव्ये पचवून बाहेर टाकण्याची शक्ती मांजराच्या यकृतात नसते. ओल्या लादीवर ते चालते, पाय चाटते आणि विष पोटात जाते. पाण्यात टाकताच दुधासारखे पांढरे होणारे ते तपकिरी जंतुनाशकही त्याला घातक. मुताच्या डागावर अमोनियाचे द्रावणही नको; त्याचा वास मुतासारखाच येतो आणि मांजर तीच जागा पुन्हा धरते. ब्लीच तर मुळीच नको, लघवीशी संयोग होऊन छातीला झोंबणारा वायू निघतो. ओला डाग फडक्याने टिपून घ्यावा, साबणपाणी लावावे, वर पाणी घातलेला व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा. जमल्यास एन्झाइमचे द्रावण विकत मिळते ते उत्तम, कारण वासाचे मूळच त्याने तुटते. गादी कडक उन्हात टाका. नाकाला वास आला नाही म्हणजे गेला, असे समजू नये.

घरात बोका असेल आणि तो उभ्याने, शेपूट थरथरवत भिंतीवर किंवा दारावर पिचकारी मारत असेल, तर तो प्रकार वेगळा. तो आपली हद्द आखतो. त्यावर पेटीचा उपाय नाही, नसबंदी हाच उपाय. दहापैकी सुमारे नऊ बोके त्यानंतर हे बंद तरी करतात किंवा पुष्कळ कमी करतात.

घर बदलले की मांजर बावरते, हेही सासूबाईंना समजावून सांगा. नव्या घरात पहिले आठ-दहा दिवस त्याला एकाच खोलीत, आपल्या वासाच्या जुन्या गोधडीसह ठेवावे, पेटी तिथेच ठेवावी. मग एकेक दार उघडावे.

आणि पोत्याचे. जुन्या लोकांत समज होता की मांजर मारले तर काशीला सोन्याचे मांजर द्यावे लागते. त्या भीतीने मारत नसत, दूर सोडून येत. १९५६ साली आपण ती काशीही सोडली आणि ते सोन्याचे मांजरही. पण नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करून त्यांचे पालन करण्याची प्रतिज्ञा आहे, ती कशी सोडणार? घरात वाढलेले मांजर बाजारात सोडले तर त्याला तिथली कुत्री आणि हद्दीतले बोके जगू देत नाहीत. पाळलेले जनावर उपाशी-तहानेले मरेल असे सोडून देणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा आहे.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी एक प्रसंग घेतला आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने स्वतःच्या मलमूत्रात लोळत पडला होता. तो कुणाच्या उपयोगाचा उरला नाही म्हणून कुणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले. आमच्या आईला हा प्रसंग पाठ होता. मन्याची नळी काढल्यानंतर आठ दिवस त्याला कपड्यावरच लघवी होत होती. ते कपडे ती धुवायची. आम्ही नको म्हटले तर म्हणाली, “जन्मभर लोकांची काढली. ह्यो तर घरचा हाय.” त्या दिवसापासून घमेले आम्ही स्वतः काढू लागलो.

यावरून त्या भगिनींना आम्ही फोनवर आणखी एक विचारले : पेटी साफ कोण करते? उत्तर ठरलेले, “मीच. दुसरं कोण?” मांजर मुलीचे, पेटी मुलाने आणली, तक्रार सासूबाईंची आणि घाण सुनेच्या वाट्याला. दोन-तीन दिवसांनी साफ होते ते याचमुळे. नोकरी, स्वयंपाक सांभाळून रोज करणार कधी? आपल्या समाजाने घाणीचे काम जन्मावर वाटून देणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध लढा दिला. ते घरात सुनेच्या जन्मावर वाटून देऊ नये. वार लावून घ्या. घरात गरोदर बाई असेल तर तिने पेटीला हात लावूच नये, कारण मांजराच्या शीमधून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू पोटातल्या बाळाला अपाय करू शकतो. हा जंतू बाहेर पडल्यावर लागण करण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून रोजची सफाई सगळ्यांच्याच हिताची.

आता नऊ दिवस झाले. झाकणाची पेटी माळ्यावर गेली, बेडरूमच्या कोपऱ्यात टब आला, त्यात रेती आणि बिनवासाची माती अर्धी-अर्धी. पहिल्या तीन दिवसांत दोनदा कपड्यांवर झाले, त्यानंतर एकदाही नाही. सोमवार-गुरुवार मुलगा, बाकीचे दिवस मुलगी, आणि रविवारी, भगिनींच्या सांगण्यानुसार, खुद्द त्यांचे यजमान.

काढलेले गोळे कसे टाकायचे, हे त्यांनी शेवटी विचारले. संडासात टाकू नका, ही माती फुगते आणि सतरा मजल्यांचा पाइप तुंबतो. तो उपसायला कुणाला बोलावतात हे आपल्याला सांगायला नको. वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळा, पिशवीत बांधा, वर पेनाने ‘मांजराची घाण’ असे लिहा आणि ओल्या कचऱ्यात न मिसळता वेगळी द्या. ती पिशवी सकाळी एक माणूस हाताने उचलणार आहे.