अंड्यांची टोपली आणि मोटार

चित्रकलेच्या तासाला मोटार काढायला सांगितली, की लांबलचक नाकाची, पंख लावलेली गाडी तुमच्या वहीत धावू लागते. कागदावरच्या पत्र्याला पैसे पडत नाहीत ना! कारखान्यात मात्र एकेका स्क्रूचा हिशेब होतो.

1930च्या दशकात फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीचा कारभार पिएर बुलांजे पाहत. खेड्यातले बरेच शेतकरी तेव्हा घोडागाडीनेच बाजार गाठायचे. त्यांच्यासाठी बुलांजेंनी आपल्या इंजिनीयरांना एक अजब यादी दिली. दोन शेतकरी आणि 50 किलो बटाटे मावले पाहिजेत. 3 लिटर पेट्रोलमध्ये 100 किलोमीटर जायला हवं. आणि नांगरलेल्या शेतातून गाडी नेली तरी टोपलीतलं एकही अंडं फुटता कामा नये! वर किंमत अगदी कमी.

गाडी हलकी व्हावी म्हणून आधी हलक्या धातूंचे नमुने झाले. पण हिशेब मांडला, तर ते शेतकऱ्याला परवडेनात. झालं, पोलादी पत्रा आला, तोही पातळ. तो वाकू नये म्हणून बॉनेटला घड्या, आपल्या छपराच्या पन्हळी पत्र्यासारख्या. (साधा कागद दोन पुस्तकांवर पुलासारखा ठेवा, वर खोडरबर ठेवा. मग कागदाला पंख्यासारख्या घड्या घालून तेच करा. बघा गंमत!) छप्पर कापडाचं, गुंडाळता येणारं. त्यामुळे वजन घटलं, खर्च घटला, अन् उंच सामानही मावू लागलं. गाडीला रूप देणारे फ्लामिनिओ बेर्तोनी खरे शिल्पकार, पण काचा त्यांनाही सपाटच वापराव्या लागल्या.

वायपरला वेगळी मोटर नव्हती. वेग दाखवणाऱ्या काट्याची जी तार, तिच्यावरच तो फिरे. गाडी हळू तर वायपर हळू, गाडी उभी तर वायपर बंद! मग हाताने फिरवायचा. ही काटकसर मला तरी जरा जास्तच वाटते, बरं का.

अंड्यांच्या बाबतीत मात्र तडजोड नाही. एका बाजूची पुढची-मागची चाकं स्प्रिंगांनी एकमेकांशी जोडली. पुढचं चाक ढेकळावर चढलं, की धक्का दोघांत वाटला जाई.

1948 साली पॅरिसच्या प्रदर्शनात ही ‘टू सीव्ही’ आली, तेव्हा वार्ताहरांनी तिची टर उडवली. गिऱ्हाइकं मात्र नंबर लावून वर्षानुवर्षं थांबली. 1990पर्यंत अशा 38 लाखांवर गाड्या तयार झाल्या. तिच्या सीटसुद्धा सहज निघत. काढायच्या, शेताच्या बांधावर मांडायच्या, की न्याहारीला बसायची सोय झाली!