सर्व्हरवर कोणते लिनक्स असावे?



निकाल, प्रवेशाच्या नोंदी व ग्रंथालयाची यादी ठेवण्यास शाळेचा स्वतःचा सर्व्हर हवा. त्यावर कोणते लिनक्स घालावे, हा विचार आता करायचा आहे. लिनक्स हा मूळ गाभा. त्याला लागणारे बाकी सॉफ्टवेअर जोडून जो संच बनतो, त्याला डिस्ट्रिब्यूशन म्हणतात. असे संच शेकडो आहेत.

माझ्या मते, सर्वांत नवीन संच कोणता हे पाहू नये. सुरक्षेच्या दुरुस्त्या किती वर्षे मिळतील आणि ते वचन पाळणार कोण, हे पाहावे.

सेंटओएस ८ हा संच २०१९ मध्ये आला. त्याला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार होत्या. परंतु डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅट कंपनीने धोरण बदलले आणि ३१ डिसेंबर २०२१ रोजी त्या बंद झाल्या. ज्यांचे सर्व्हर त्यावर होते, त्यांना वर्षभरात दुसरा संच शोधावा लागला.

आपल्या सौंसर-पांढुर्णा भागातील शेतकरी संत्र्याची कलम घेताना आधी जंबेरीचा खुंट पाहतो. डेबियन हा असाच पक्का खुंट आहे. १९९३ पासून जगभरातील स्वयंसेवक तो सांभाळत आहेत. एका कंपनीच्या मर्जीवर तो अवलंबून नाही. उबंटू आणि आपल्या देशातील सी-डॅकचे बॉस लिनक्स, ही दोन्ही त्याच खुंटावरची कलमे होत. डेबियनच्या स्थिर आवृत्तीला सुमारे पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात आणि परवान्याचा खर्च नाही.

काही पालक विचारतील, “फुकटचे बिघडले तर दाद कोणाकडे मागायची?” शंका रास्त आहे. उबंटूसाठी पैसे भरून कंपनीची मदत घेता येते. पण परीक्षेच्या दिवसांत सर्व्हर अडला, तर पहिला हात शाळेतल्याच माणसाला लावावा लागेल. म्हणून तो पैसा दोन शिक्षक व अकरावी-बारावीच्या इच्छुक विद्यार्थ्यांना शिकवण्यावर खर्च व्हावा. डेबियनवर शिकलेले बरेचसे काम उबंटू व बॉसवरही तसेच चालते.

विश्वस्त मंडळास माझी विनंती आहे की, डेबियनची स्थिर आवृत्ती घ्यावी, दर आठवड्याला नोंदींची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी आणि पुढची आवृत्ती घालण्याची तारीख आजच रजिस्टरमध्ये लिहून ठेवावी.

— प्राचार्य