गाडी अडली की अ‍ॅडॉप्टर बदलू नका!

टेक्निकल फेस्ट आला की एका तरी ग्रुपच्या टेबलावर आगगाडीचं मॉडेल असतंच. प्लायवूडवर रूळ, थर्माकोलचा डोंगर, त्यात बोगदा. आणि उद्घाटनाच्या आदल्या रात्री ठरलेला प्रकार : स्टेशनजवळ गाडी सुसाट, डोंगरामागे गेली की रांगते, बोगद्यात मुक्काम! मग कोणीतरी ओरडतं, "पॉवर कमी पडतेय, पंधरा व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर आणा रे!"

हा सल्ला देणाऱ्याला आधी मल्टिमीटर द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. बारा व्होल्टच्या मोटरला पंधरा दिले की बोगद्यातून ती कशीबशी निघेल, पण स्टेशनजवळच्या वळणावर रूळ सोडून जमिनीवर येईल. दोष जिथे होता तिथेच राहील.

मल्टिमीटर आला तरी आपण करतो काय? गाडी उचलून बाजूला ठेवतो, रुळांना प्रोब लावतो, १२.० दिसले की "सप्लाय ओके" म्हणून मोकळे. अहो, करंटच वाहत नाही तर ड्रॉप येणार कुठून? ओहमचा नियम बारावीपासून पाठ आहे, पण टेबलापाशी आठवत नाही. लोड रेग्युलेशनचा प्रयोग तर सगळ्यांनी केलाय, निदान जर्नलमध्ये तरी.

तेव्हा व्होल्टेज मोजायचं ते लोडवर. धावत्या गाडीमागे प्रोब घेऊन पळायची गरज नाही. बाईकच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा बल्ब रुळांवर लावा, साधारण ०.८ अँपिअर घेतो. तो पेटलेला असताना आधी सप्लायच्या टर्मिनलवर मोजा, मग वायरच्या दुसऱ्या टोकाला, मग रुळावर पुढे पुढे सरकत. जिथे आकडा एकदम पडतो तिथे चोर सापडला. रुळांच्या जोडावर संशय असेल तर दोन्ही प्रोब त्याच जोडाच्या अलीकडे-पलीकडे ठेवून मिलिव्होल्ट बघा.

बहुतेक वेळा चोर वायरच निघते. ०.२ चौरस मिमीची बारीक वायर पाच मीटर नेली, तर जाऊन-येऊन दहा मीटर. रोध ०.८६ ओहम, म्हणजे बल्बच्या करंटलाच ०.७ व्होल्ट गायब. घराच्या वायरिंगची दीड एमएम वापरली तर हाच ड्रॉप ०.१ व्होल्टच्याही आत येतो. आणि रूळ म्हणजे काही तांब्याची तार नव्हे. मॉडेलचे रूळ बहुधा 'निकेल सिल्व्हर'चे असतात. नावात सिल्व्हर, पण चांदी औषधालाही नाही. तांबं, निकेल आणि जस्त. त्याची रोधकता तांब्याच्या दहापटीहून जास्त. त्यात जोड ढिले होतात, काळे पडतात. म्हणून टेबलाखालून जाड वायर फिरवायची आणि दर तीनेक फुटांवर तिच्यापासून रुळांना छोटे फीडर सोल्डर करायचे. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ साली सुरू झालं. तिथे गेलात तर गाड्या बघून झाल्यावर टेबलाखाली किती वायरी लागत असतील याचा विचार करून बघा. (आणि हो, रूळ पुसायला सँडपेपर नको. ओरखड्यांत घाण जास्त बसते. कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा.)

कधी कधी मात्र दोष खरंच सप्लायमध्ये असतो. आपला लाडका सप्लाय म्हणजे १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, १००० मायक्रोफॅरड आणि ७८१२. बिनलोड कपॅसिटरवर पंधरा-सोळा व्होल्ट दिसतात. एक अँपिअर घेतला की दोन शिखरांमधल्या १० मिलिसेकंदांत ते सात-आठ व्होल्टांनी खाली येतात. ७८१२ ला इनपुटवर निदान चौदा हवेत, मग तो बारा देणार कुठून? मीटर डीसीवर सरासरी दाखवतो, त्यामुळे फक्त 'जरा कमी' दिसतं. खरा प्रकार सीआरओवरच कळतो.

इथवर प्रश्न गाडी अडण्याचा होता. डीसीसी वापरणाऱ्यांनी पुढचं नीट वाचा. तिथे रुळांवर सतत साधारण १५ व्होल्ट असतात आणि बूस्टर, समजा, ५ अँपिअरला ट्रिप होतो. वायर आणि जोड मिळून रोध ३.५ ओहम झाला आणि डोंगरामागे डबा घसरून शॉर्ट झाला, तर करंट ४.३ अँपिअर. बूस्टरच्या दृष्टीने सगळं आलबेल! पण ६४ वॅट उष्णता त्या वायरीत आणि चाकांखाली. आपली सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते. भोवती थर्माकोल, कापूस, फेविकॉल आणि बघायला आलेली शाळेची पोरं.

म्हणून संयोजकांना माझी मागणी आहे की मॉडेल लोकांसाठी खुलं करण्याआधी दर फुटावर रुळांवर आडवा स्क्रूड्रायव्हर टेकवून बघावा. प्रत्येक ठिकाणी सप्लाय तत्काळ ट्रिप व्हायला हवा. जिथे होणार नाही तिथे आधी फीडर लावा, मग फीत कापा. आणि लॅबमधले दोन मल्टिमीटर व एक रिओस्टॅट फेस्टच्या आठवड्यात संध्याकाळीही मिळावेत. कपाटाची किल्ली पाचनंतर कोणाकडे राहणार, तेवढं सरांनी ठरवावं.